पोटखराबा

रत्नागिरीच्या राम आळीत किराणा-भुसाराचे दुकान चालवणाऱ्या अण्णांना समुद्र माहीत होता तो खातेवहीपुरता. १ जूनला मासेमारीची बंदी लागली की मिरकरवाड्याची उधारी लांबते आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या की हळूहळू वसूल होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला मिऱ्याकडची गिऱ्हाइके बाजार लवकर आटोपून घराकडे वळतात. मे महिन्यात सारा गाव आंब्याच्या पेट्यांमागे धावतो, तेव्हा दुकानात गडी मिळत नाही. पंचेचाळीस वर्षे गल्ल्यावर बसून त्यांना भूगोलाचे एवढे ज्ञान पुरले होते. आजोबा कोल्हापूरकडून गुळाच्या ढेपा घेऊन आंबा घाट उतरले, वडिलांनी दुकान थाटले, अण्णांनी ते वाढवले. या तीन पिढ्यांत कोणी सहज म्हणून समुद्रावर गेल्याचे घरात कोणाच्या आठवणीत नव्हते. व्यापारी माणसाचे असे होते खरे. तीर्थयात्रेला तो हजार मैल जाईल, पण घरामागच्या टेकडीवर जायला त्याला पाहुणे यावे लागतात.

पाहुणे आले ते दशलक्षण पर्व आटोपल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस. कोल्हापूरहून थोरली बहीण अक्का, भाचा, भाचेसून आणि त्यांचा आठ वर्षांचा मुलगा. संध्याकाळी ओसरीवर बसल्या बसल्या अक्कांनी विचारले, “बाळ, तुझ्या रत्नागिरीत पाहण्यासारखे आहे तरी काय?” अण्णांनी बोटे मोडायला सुरुवात केली. दीपगृह, थिबा राजाचा वाडा, गणपतीपुळे. चौथे बोट मोडायला काही आठवेना. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकणारी नात आतून म्हणाली, “आजोबा, तुम्ही दुकान तीन दिवस बाबांवर सोपवा. मी दाखवते.”

दुकान सोपवणे त्या आठवड्यात सोपे नव्हते. वडिलांच्या काळी एका शेतकऱ्याच्या थकलेल्या बाकीपोटी साडेचार एकर सडा घरात आला होता. सडा म्हणजे कोकणातले जांभ्या दगडाचे उघडे पठार. त्यावर नांगर चालत नाही, विहीर लागत नाही. सातबाऱ्यावर त्या जमिनीपुढे एकच शब्द होता, पोटखराबा. चाळीस वर्षे तिच्याकडे कोणी फिरकले नव्हते. आता एक चिरेखाणवाला भाव घेऊन आला होता, आणि तो भाव ऐकून मुलाची झोप उडाली होती. गावात मोठ्या साखळीचे नवे दुकान उघडले होते, निम्मी जुनी गिऱ्हाइके तिकडे वळली होती, दुकानाच्या मागच्या वखारीचे छप्पर नव्याने घालायचे होते. “दिवाळीपूर्वी होकार कळवतो,” असे मुलाने खाणवाल्याला सांगूनही टाकले होते.

पहिल्या दिवशी सर्वजण रत्नदुर्गावर गेले. रत्नागिरीचे हे भूशीर पश्चिमेला समुद्रात शिरलेले आहे आणि किल्ला त्याच्यावर घोड्याच्या नालेसारखा वळला आहे. तीन बाजूंना पाणी, एका बाजूने जमीन. एका टोकाला भगवतीच्या देवळाचा बालेकिल्ला, दुसऱ्या टोकाला दीपगृह, मधल्या सखल भागात पेठ किल्ल्याची वस्ती. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये हा किल्ला घेतला आणि पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराच्या उपयोगी पडला. हे सारे फलकांवर वाचायला मिळते. फलकावर नसते ते असे, की बुरुजावर उभे राहून खाली पाहिले तर कोकणचा किनारा कसा बनला आहे ते एका नजरेत कळते. पायथ्याशी लाटा फुटतात तो काळा बसाल्ट, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. वर तांबडा, छिद्रांचा जांभा. हा वेगळा कुठून आणलेला दगड नव्हे. ऊन आणि पाऊस यांनी त्याच काळ्या कातळातले विरघळणारे सर्व धुऊन नेले आणि लोह व ॲल्युमिनियम तेवढे मागे ठेवले. उरला तो जांभा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात हे काम लक्षावधी वर्षे चालले आहे. खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो, म्हणून तो कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो, आणि हवा लागत गेली की घट्ट होतो. अण्णांना यातले एवढेच माहीत होते, की चिऱ्याचे घर उन्हाळ्यात थंड राहते.

उत्तरेला मिऱ्याचा डोंगर, दक्षिणेला काजळी नदीचे मुख आणि त्यापलीकडे भाट्याची लांब पुळण. या देखाव्याला सूर्यास्ताची जोड हवी म्हणून लोक तेथे संध्याकाळी गर्दी करतात. श्रावकाच्या घरात मात्र अडचण अशी, की सूर्य मावळण्याआधी जेवण झाले पाहिजे. घरी जेवून निघावे तर सूर्यास्त चुकतो, सूर्यास्त पाहून परतावे तर जेवण चुकते. बहुधा याच कारणाने अण्णांच्या तीन पिढ्यांचा सूर्यास्त राहून गेला असावा. भाचेसुनेने तोडगा काढला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मुगाची उसळ डब्यात भरून घेतली, तटाच्या आडोशाला पंगत बसली, सूर्य दोन हात वर असतानाच हात धुऊन झाले. मग सर्वांनी निवांत बसून तो पाण्याला टेकेपर्यंत पाहिला. अंधार पडू लागला तसा मागच्या टेकडीवर दीपगृहाचा प्रकाश फिरू लागला. १८६७ पासून तो दिवा समुद्रावरच्यांना वाट दाखवतो आहे. अक्का बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांनी समुद्र पाहिला होता तो मुंबईचा, आणि तोही टॅक्सीच्या काचेतून.

दुसरा दिवस मुलाचा ठरला. या भूशिराच्या दोन अंगांना दोन रंगांची वाळू आहे. उत्तरेकडे मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र आणि दक्षिणेकडे मांडवीला काळा समुद्र. गावातली माणसे ही नावे इतक्या सहजतेने घेतात की त्यांतले नवल त्यांच्या लक्षात येत नाही. पाणी दोन्हीकडे एकच. फरक वाळूचा. पांढऱ्या वाळूत शंखशिंपल्यांचा चुरा आणि फिकट कण अधिक. काळ्या वाळूत बसाल्टातून सुटून नद्यांनी आणलेले जड कण, लोह आणि टायटॅनियम असलेल्या इल्मेनाइटचे. लाटा हलके कण उचलून नेतात आणि जड कण जागेवर टाकतात. जणू पाखडणेच ते. मुलाने दोन्हीकडची वाळू दोन पिशव्यांत भरली. नातीने लोहचुंबक फिरवून दाखवला, तेव्हा काळ्या वाळूतले काही कण उठून त्याला चिकटले. पण अण्णांची खात्री पटली ती दुकानातल्या काट्यावर. एकाच वाटीने दोन्ही वाळू मापून त्यांनी दोन पारड्यांत टाकल्या, आणि काळ्या वाळूचे पारडे खाली बसले. गिऱ्हाईक थांबले होते. त्यालाही त्यांनी ते बोलावून दाखवले.

मिऱ्याला गेल्यावर समुद्राचे दुसरे रूप दिसले. मिऱ्या गाव समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवर वसले आहे. पावसाळ्यातल्या उधाणाला लाटा बंधाऱ्यावर चढतात, माड मुळांसकट कोसळतात, आणि बंधाऱ्याची डागडुजी पुढच्या वर्षी पुन्हा करावी लागते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ नावाचे जहाज याच किनाऱ्यावर येऊन आदळले. खलाशी वाचले, जहाज वर्षानुवर्षे तिथेच रुतून राहिले आणि लोक ते पाहायला जाऊ लागले. समुद्राकाठची प्रेक्षणीय स्थळे अशीही तयार होतात.

दुपारी आरे-वारे झाले. डोंगराच्या कडेने वळत जाणारा रस्ता, खाली दोन पुळणी, मागे सुरूची बने. हे ठिकाण छायाचित्रांतून इतके पाहिलेले असते की प्रत्यक्षात थोडे कमीच वाटते. गणपतीपुळ्याला डोंगरच देव मानला आहे, म्हणून प्रदक्षिणा देवळाला नव्हे तर डोंगराला घालतात, हे अक्कांना फार आवडले. मात्र तिथल्या समुद्रात कोणी उतरू नये. तळ एकदम खोल होतो आणि ओढ विलक्षण असते. पाहुण्यांचे जीव तिथे वारंवार गेले आहेत. परतताना थिबा पॉइंटवर गाडी थांबली. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले, १९१० मध्ये त्याच्यासाठी वाडा बांधून पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षे त्याला काजळीची खाडी आणि तिच्यापलीकडचा समुद्र पाहण्यावाचून दुसरे काम नव्हते. अण्णा उगाच म्हणाले, “मला पंचेचाळीस वर्षांत सवड झाली नाही.”

तिसऱ्या दिवसाबद्दल नातीने आधी काही सांगितले नव्हते. ती सर्वांना शहरापासून आत, उक्षीच्या सड्यावर घेऊन गेली. तिथे जांभ्याच्या सपाट पृष्ठभागावर एक प्रचंड हत्ती कोरलेला आहे. जवळ उभे राहिले तर नुसत्या चरांच्या रेषा दिसतात. जरा उंचावरून पाहिले की सोंड, पाय, पाठ जुळून येतात. या कातळशिल्पांना गावोगावची माणसे पूर्वी पांडवांची चित्रे म्हणत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गेल्या दशकात सडे पायी तुडवून, गुराख्यांना विचारून ती एकेक शोधली, तेव्हा सत्तरहून अधिक गावांत हजारावर चित्रे निघाली. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती तर १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. आज कोकणात नसलेला गेंडाही या चित्रांत आढळतो. शेती मात्र आढळत नाही. शेती येण्यापूर्वीच्या माणसांनी ही काढली असावीत, असे अभ्यासक मानतात. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा-यादीत कोकणातली ही स्थळे गेली. उक्षी आणि कशेळी त्यांतच आहेत. ज्यांना पाहायला जायचे असेल त्यांनी पादत्राणे काढून, रेषांवर पाय न ठेवता, गावातल्या माणसाला बरोबर घेऊन जावे. पाण्याची बाटली विसरू नये. सड्यावर सावली नसते.

मुलाने विचारले, “इतका मोठा दगड त्यांनी विकला का नाही?” सगळे हसले. अण्णा हसले नाहीत.

तिथून परतीच्या वाटेवरच घरचा साडेचार एकर सडा लागतो. मातीची वाट संपते तिथे गाडी उभी करून वीस मिनिटे चालावे लागले. अण्णा तिथे एकदाच, वडिलांबरोबर, मे महिन्यात आले होते. त्यांच्या आठवणीत काळा पडलेला तापता कातळ आणि ओरडत डोक्यावरून फिरणारी टिटवी एवढेच होते. टिटवी बहुतेक अंड्यांसाठी ओरडत असावी, कारण ती उघड्या कातळावरच अंडी घालते. पण तेव्हा त्यांना ते कोणी सांगितले नव्हते.

सप्टेंबरात तो सडा ओळखू येत नव्हता. कातळाच्या खळग्यांत बोटभर पाणी आणि त्यात बेडकांची पिल्ले. पाण्याच्या कडेने जांभळ्या फुलांचा पट्टा, सीतेच्या आसवांचा. त्यामागे गेंदाची पांढरी बोंडे, हजारो, वाऱ्यावर एकदम हलणारी. जिथे थोडी अधिक माती तिथे तेरडा गुलाबी आणि कवला पिवळा. पायाखालचा मातीचा थर दोन-चार बोटांचा, तरी प्रत्येक झाडाने आपापली जागा वाटून घेतलेली. नात गुडघ्यांवर बसली आणि तिने एक लालसर, केसाळ रोप दाखवले. त्याच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब चमकत होता आणि त्यात एक चिलट अडकले होते. याचे नाव दवबिंदू. या मातीत नत्र जवळजवळ नाही, म्हणून हे झाड कीटक धरून ती उणीव भरून काढते. सीतेची आसवेही तेच करतात. त्यांचे सापळे पाण्याखाली असतात, मोहरीहून लहान.

अण्णा वाकून पाहत राहिले. “एकेंद्रियाने चतुरिंद्रियाला खायचे,” ते म्हणाले, “हे आम्हाला पाठशाळेत सांगितले नव्हते.”

“तिथे कोणी सड्यावर आले नसेल,” अक्का म्हणाल्या. मग थोड्या वेळाने त्यांनीच विषय काढला. “मुनी चातुर्मासात विहार का करत नाहीत, ते इथे आल्यावर कोणी समजावून सांगायला नको. पाय कुठे ठेवायचा?” खरोखरच पाय कुठे ठेवावा असा प्रश्न होता. सर्वजण उघड्या दगडांवरून उड्या मारत चालले होते.

पावसाचे पाणी सड्यावरून नुसते वाहून जात नाही, हेही नातीने दाखवले. जांभा सच्छिद्र असतो. तो पाणी पितो आणि खालच्या चिकण थरापर्यंत पोहोचवतो. उतारावर जिथे तो थर उघडा पडतो तिथे झरे निघतात. सड्याच्या कडेखाली, त्या झऱ्यांच्या आधाराने, वाडी होती. तिची कौले वरून दिसत होती. शेजारच्या टेकडीवर दुसऱ्या कोणाची चिरेखाण चालू होऊन बंद पडली होती. तिथे सड्याच्या जागी सरळ कापलेला चौकोनी खड्डा होता, त्यात हिरवे पाणी होते आणि काठावर काही उगवले नव्हते.

रात्री घरात बोलणे निघाले. अक्कांनी सरळ सांगितले, की शास्त्राने श्रावकाला जे पंधरा व्यवसाय वर्ज्य सांगितले आहेत त्यांत भूमी फोडून उपजीविका करणे येते; खाणीला जमीन दिली तर पैसा त्याचाच. मुलाने ऐकून घेतले. मग तो शांतपणे म्हणाला, “आत्या, आपण बसलो आहोत त्या घराच्या भिंती चिऱ्याच्या आहेत. पलीकडच्या मंदिराचे जोतेही चिऱ्याचे. तो कुठल्या तरी सड्यातूनच आला ना?” यावर कोणाला उत्तर सुचले नाही. “आणि फुले चार महिने. उरलेले आठ महिने त्या जमिनीने काय करायचे? वखार यंदा गळली, साखरेची सहा पोती भिजली.” हेही खोटे नव्हते. मुलाला फुलांचे वावडे होते असे नाही. रोज संध्याकाळी गल्ला मोजणारा तोच होता.

अण्णांनी त्या रात्री हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी नात आणखी एक गोष्ट बोलून गेली. दिपकाडी नावाचे एक कंदाचे झाड आहे, पांढऱ्या फुलांचा तुरा असलेले. दक्षिण कोकण आणि त्याला लागून थोडा भाग सोडला तर ते जगात कोठे नाही, आणि रत्नागिरीच्या आसपासचे सडे हे त्याचे मुख्य घर. पहिला पाऊस पडला की ते फुलते आणि थोड्याच दिवसांत संपते. आपल्या सड्यावर आहे का, ते मात्र जूनमध्येच कळेल.

दिवाळीला खाणवाला आला तेव्हा अण्णा त्याला म्हणाले, “जूननंतर बोलू.” मुलगा उठून आत गेला. खाणवाला हुशार होता. जूनपर्यंत थांबणे म्हणजे पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबणे, हे त्याने ओळखले. डिसेंबरात त्याने लगतचा सडा दुसऱ्या मालकाकडून घेतला. वखारीच्या छपरासाठी अण्णांनी अक्कांच्या घरून उसने पैसे घेतले. ते अजून फिटायचे आहेत. बापलेकांत दुकानाच्या कामाव्यतिरिक्त बोलणे त्या हिवाळ्यात कमीच झाले.

थंडीत नात एकदा गुहागर तालुक्यात कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहून आली. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला वेळास गावी २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही चिपळूणची संस्था आणि गावकरी यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुंपणात राखण्याचे काम सुरू केले, आणि ते पुढे किनाऱ्यावरच्या गावागावांत पसरले. पूर्वी ज्या गावांत अंडी खाल्ली जात, त्याच गावांतली माणसे आता रात्री पुळणीवर पहारा करतात. अण्णांनी हे सारे नीट ऐकून घेतले आणि पहाऱ्याला बसणाऱ्यांना कोणी चहासाखर पुरवते का, असे विचारले.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन रात्री धो धो पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मुलाला फक्त एवढेच सांगितले, की आज दुकान तू उघड. नातीला घेऊन ते सड्यावर गेले. लगतच्या जमिनीवर खाणीने आपला पहिला चौकोन कापला होता. यंत्र ताडपत्रीखाली पावसाळाभर उभे राहणार होते. तांबड्या भुकटीचा लोट पावसाने घरच्या हद्दीत बराच आत आणला होता. जिथवर तो पोहोचला होता तिथवर काही नव्हते.

त्याच्या पलीकडे दिपकाडी उभी होती. कातळाच्या फटींतून वीतभर उंचीचे दांडे वर आलेले, प्रत्येकावर पांढरी फुले, पाने दोरीसारखी बारीक. अण्णांनी छत्री मिटून काखेत धरली आणि मोजायला सुरुवात केली. माल उतरवून घेताना पोती मोजावीत तसे ते मोजत होते, बोट पुढे करून, ओठांत. एकशे चाळीसच्या पुढे पावसाची सर आली, वारा फिरला आणि आकडा हातून गेला.

“आजोबा, किती झाली?” नातीने विचारले.

“चुकलो,” अण्णा म्हणाले. “त्या कडेपासून पुन्हा धरू.”